छकुलीचा चमचा

श्रीरंग जुने इंग्लिश काटे-चमचे जमवायचा. चांदीचे, वर सोन्याचा मुलामा दिलेले. २००५ साली अमेरिकेत नेपरव्हिलमधल्या एका गराज सेलमध्ये, घरातल्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत, मिसेस हॉलंड नावाच्या आजींनी त्यांचा लहानपणीचा असाच चमचा विकायला ठेवला होता.

"जुन्या वस्तू जमवणाऱ्याला नाही देणार. बाळाच्याच तोंडात जायला हवा," त्या म्हणाल्या.

"माझ्या मुलीसाठीच हवाय. गेल्याच आठवड्यात झाली," श्रीरंग बोलून गेला.

आजींनी कौतुकाने पत्ता लिहून घेतला. त्याला मात्र इतकी लाज वाटली, की चमचा त्याने बायकोला, देवयानीला, दाखवलाच नाही. अकरा वर्षं वाट पाहून दोघांनी मुलाचा विषय बंद केला होता.

वर्षभराने कार्ड आलं : 'तुमच्या छकुलीला पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा.' ते देवयानीनेच उघडलं. श्रीरंगने मान खाली घालून सगळं सांगितलं.


तिने विचारलं, "नाव काय सांगितलं होतंस तिचं?"