सतरावी हरकत

समुद्राच्या पाण्यात सापडलेल्या एका नव्या एकपेशीय जिवाचं वर्णन बाबांनी सहा वर्षं खपून लिहिलं. ते गेल्यानंतर आठवड्याभरात, निबंध छापायला पाठवलेल्या शोधपत्रिकेच्या परीक्षकाचं पत्र आलं. सतरा हरकती, आणि महिन्याभरात दुरुस्ती झाली नाही तर निबंध बाद.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. बाबांच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम सांगायच्या आणि मी लिहायचे. त्या जिवाच्या अंगावरच्या केसांच्या रांगा आम्ही पुन्हा मोजल्या, आकृत्या बदलल्या, आणि दर हरकतीखाली 'आभारी आहोत' असं लिहिलं.

"आभार कसले मानायचे? बाबा असते तर यांना चांगलं सुनावलं असतं," मी वैतागून म्हणाले.

"अगं, अडला हरी गाढवाचे पाय धरी. आता शेवटचीच राहिली. हालचालीच्या वर्णनातलं एक वाक्य शास्त्रीय नाही, ते गाळा म्हणतात. गाळू या ना?"

मी ते वाक्य शोधून काढलं.



'काठाकाठाने थोडा पुढे जातो, अडखळतो, जागच्या जागी गोल फिरतो आणि पुन्हा निघतो; माझी मुलगी पहिल्यांदा चालायला लागली, तेव्हा अगदी अशीच चालायची.'