ओळ सोडायची जागा

"श्वास कुठे घ्यायचा गं?" टिनाने मोबाइल नाकासमोर धरून विचारलं. "इथे तर जागाच नाय."

ऑलिव्ह मावशीने तिच्या हातातून फोन हिसकावला. महिनाभर बसून तिने उंबराच्या पाण्याचं गाणं ओळीओळीने भाच्याला सांगितलं होतं, आणि पडद्यावर त्याचा हा असा गोळा झाला होता: हळू चाला गं बायांनो वाट ओली झाली कोणाच्या लेकीसाठी विहीर जागी झाली हळद कोणी कुटली गं अंगण पिवळं झालं. ना ओळ, ना थांबा. वीज कापायच्या नोटिशीसारखं सगळं सलग.

उद्या ॲन्ड्रियाचं लग्न. आज संध्याकाळी अंधेरीच्या या गावठाणातल्या बायका गात गात विहिरीवर जाणार आणि नवरीच्या आंघोळीचं पाणी, म्हणजे उंबराचं पाणी, आणणार. गाण्याची रीत ठरलेली. पुढच्या दोघींनी ओळ म्हणायची आणि सोडायची, मागच्यांनी ती उचलायची. तेवढ्यात पुढच्यांना दम मिळतो आणि मागच्यांना शब्द. इतकी वर्षं पुढे ऑलिव्ह मावशीच असायची. पण हिवाळ्यात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता नुसती कुजबुज उरली होती, ती स्वयंपाकघराच्या दाराबाहेरही जात नव्हती. आज तिच्या जागी टिना आणि आणखी एक पोरगी पुढे होत्या. पोरींनी गायलं नाही तर मागच्या दोन लग्नांसारखा बँडवाला सिनेमाची गाणी वाजवणार, आणि मग हे गाणं पुन्हा कोणी मागणारही नाही. याची तिला खरोखर भीती वाटत होती.

"शेर्विन!" ती फुत्कारली.

बहिणीचा मुलगा शेर्विन इस्त्रीचा शर्ट घालून जिन्यात बसला होता, मांडीवर लॅपटॉप. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, त्यामुळे घरातलं प्रत्येक विजेचं आणि बिनविजेचं काम त्याच्याच गळ्यात. साधा मजकूर टाइप करायचा, की त्याचं झकास वेबपान करून देणारी एक लायब्ररी, म्हणजे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रॅम, त्याने वापरली होती. महिनाभर तिचं कौतुक ऐकून घरच्यांचे कान किटले होते.

"मावशी, ती एक एन्टर मोजत नाय," तो म्हणाला. "खालची ओळ वरच्या ओळीला चिकटवते. ओळ तोडायची तर शेवटी दोन स्पेस द्यायच्या."

"मग दे ना."

"दिल्या! तीनदा दिल्या. सेव्ह केलं की मी ज्यात टाइप करतो तो एडिटर त्या उडवतो. ऑफिसची सेटिंग आहे. ओळीच्या शेवटची रिकामी जागा म्हणजे त्याला कचरा वाटतो."

मावशीने कपाळाला हात लावला. आवाज असता तर तिने लायब्ररीची, एडिटरची आणि ऑफिसची एका दमात उत्तरक्रिया केली असती.

"आख्ख्या जगात चालते ही, मावशी," शेर्विनही वैतागला होता. "कोणाचीच तक्रार नाय."

"जगात कोणी गात नाय काय रे?"

बाहेर बँडवाल्याने क्लॅरिनेटवर सिनेमाची धून घोळवून पाहिली. आतून नवरी ओरडली, "राहू दे ना गं मावशी! उशीर होतोय. वाजवू दे त्यांना."

पोरीने चांगल्या मनाने म्हटलं, आणि तेच जास्त लागलं. मावशीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडण्यात दुःख होतं त्याहून राग जास्त होता, आणि तिने पुसायचीही तसदी घेतली नाही.

ते पाहून शेर्विनने महिन्यापूर्वी करायला हवं होतं ते केलं. लायब्ररीची माहिती उघडली आणि वाचली. निम्म्यावर एक बारीकशी सेटिंग होती: प्रत्येक एन्टर ही नवी ओळ धरावी. मुळातच बंद. त्याने ती चालू केली, पान पुन्हा उघडलं, आणि ओळी एकीखाली एक शहाण्यासारख्या उभ्या राहिल्या.

"हे आधी का नाय केलंस?"

"वाचलंच नव्हतं."

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. नशीब, वरात अजून दारातच होती.

बायका निघाल्या, मागोमाग बँड. उत्साहाच्या भरात शेर्विनने त्या पानाची लिंक सगळ्यांनाच पाठवून दिली होती. टिनाने पहिली ओळ धरली आणि तिच्याबरोबर पुढच्या, मागच्या, यच्चयावत बायकांनी तीच ओळ धरली. दुसरीही सगळ्यांनी मिळून. तिसरीही. कोणी ओळ सोडेना, त्यामुळे कोणाला उचलायला काही राहीना. माना खाली, डोळे पडद्यावर, शाळेची प्रार्थना चालावी तसं चाललं होतं. एकीचा पाय गटारात गेला. कोपऱ्यापर्यंत सगळ्यांनाच धाप लागली आणि शब्द गिळले जाऊ लागले. एवढा आटापिटा करून पडद्यावरचा गोळा सोडवला, तो आता तोंडातून बाहेर पडत होता.

मावशी आडवी उभी राहिली. घोळका थांबला. तिने ॲन्ड्रियाच्या आईच्या कमरेवरची फुलं बांधलेली रिकामी कळशी काढून घेतली, पुढच्या दोघींना सोडून मागे गेली आणि एकेकीसमोर ती धरत चालली. एकामागून एक फोन खणखणत कळशीत पडले.

"अगं मावशी, काय करतेस!" शेर्विन मागून धावत आला. "त्यात पाणी भरायचंय ना!"

मावशी काहीतरी बोलली. ऐकू येईना, म्हणून बँडही थांबला.

"विहीर येईस्तोवर पाठ होईल," ती म्हणाली.