तिसऱ्या चुकीनंतर

चिंगीने कागदावर उत्तर लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. एक छेद दोन अधिक एक छेद चार बरोबर दोन छेद सहा. वरचे वरच्यांत मिळवले, खालचे खालच्यांत, झालं काम.

"बघा सर," गणिताच्या बाई म्हणाल्या. "आणि हिला तुमचा टॅब हुशार म्हणतोय."

शाळा सुटून गेली होती. मुख्याध्यापक वर्गाच्या दारातच उभे होते. हातात जादा तासाच्या मुलांची यादी आणि चिंगीच्या नावापुढे हिरवा ठिपका. हिरवा ठिपका म्हणजे अपूर्णांक आले, उद्यापासून जादा तास बंद. यादी त्यांना आजच वर पाठवायची होती.

"एका कागदावरून काय ठरतं, बाई? टॅबवर तिने साठ गणितं सोडवलीत. साठच्या साठ बरोबर."

"मग कागदावर का येत नाही?"

"तुमच्यासमोर घाबरत असेल."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. टॅब आले तेव्हा बाकीच्या शिक्षकांनी नाकं मुरडली. खोकी बाईंनी फोडली, रोज चार्जिंगला त्यांनीच लावले. आता तोच टॅब त्यांना खोटं पाडत होता. आणि हा जादा तास गेला तर पोरीचं गणित कायमचं कच्चं राहणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

"टॅब काढ गं," त्या म्हणाल्या. "हेच गणित कर. सर, तुम्ही आत या. ठिपका नका बघू, पोरगी बघा."

चिंगीने गणिताखाली दिलेल्या उत्तरांपैकी एकावर बोट ठेवलं. चूक. 'पुन्हा विचार कर,' टॅब म्हणाला. तिने दुसऱ्यावर ठेवलं. चूक. पडद्यावर चार सारख्या भागांचा एक चौकोन आला, दोन भाग निळे, एक पिवळा. चिंगीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तिसऱ्यावर बोट ठेवलं. चूक. मग टॅबने स्वतःच 'तीन छेद चार' लिहून दाखवलं आणि गणित पुन्हा विचारलं. चिंगीने तीन छेद चारवर बोट ठेवलं. टाळ्या वाजल्या, हिरवा ठिपका उमटला.

"आलं की!" मुख्याध्यापक म्हणाले.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अगं, पण तू विचार कधी केलास?"

"कशाला?" चिंगीला खरंच कळलं नव्हतं. "तीनदा चुकलं की तो सांगतोच ना."

"ऐकलंत सर?" बाईंचा आवाज चढला. "सांगून मोकळा होतो! याला काय शिकवणं म्हणायचं?"

"पण बाई," चिंगी म्हणाली, "तुम्ही तर दोनदाच चुकलं की सांगता."

मुख्याध्यापकांनी खोकल्यासारखं करून हसू दाबलं. बाईंनी 'काहीतरीच काय' म्हणायला तोंड उघडलं, पण सकाळचाच तास आठवला. पस्तीस मिनिटं, पन्नास पोरं, फळ्यापाशी खडू घेऊन उभी चिंगी. 'अगं, तीन छेद चार! लिही आणि बस खाली.' त्यांना लाज वाटली. राग होताच, फक्त आता तो कुणावर काढायचा ते कळेना.

"हिचं नाव राहू द्या सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी खिशातलं पेन काढलं, हिरव्या ठिपक्यावर काट मारली आणि निघून गेले.

बाई चिंगीशेजारी बाकावर बसल्या. गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दोन चुका झाल्या, चौकोन आला, तसा त्यांनी खालच्या उत्तरांवर तळहात आडवा धरला.

"आता नुसतं चित्र बघ. घाई नाही."

चिंगीने चित्र बघितलं. निळ्या भागांवरून बोट फिरवलं, पिवळ्यावर थांबली. मग मान वर करून बाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

उत्तर बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी दुसरा हात स्वतःच्या तोंडावर ठेवला.