फळीवरचे बारा शब्द

म्हातारा तासियो होडीची फळी बगलेत मारून फिलिपिन्समधल्या बोहोल बेटाच्या धक्क्यावरच्या मोबाइलच्या दुकानात शिरला. जहाजावर नोकरीला जाताना लेकीनं फळीवर बारा शब्द रंगवलेले. फोनमधल्या बिटकॉइनच्या पाकिटाचे हवे तेवढे पत्ते त्यांतूनच निघत. "दर रविवारी नवा पत्ता पाठवा, तातय. खुशालीचे थोडे पैसे टाकत जाईन," म्हणालेली. त्यानं चाळीस पत्ते पाठवले. आलं काही नाही. महिन्यापूर्वी फोन समुद्रात पडला, तेव्हापासून बघताच आलं नव्हतं. दुकानदारीण नातीसारखी हसली. "तिजोरीची किल्ली अशी मिरवतात का, लोलो?" तिनं नव्या फोनमध्ये शब्द भरले, पाकीट रिकामं. "वीस पत्ते ओळीनं रिकामे दिसले, की हे पाकीट पुढं बघतच नाही." "मग चाळिसापर्यंत बघायला लाव." ती एकेक पत्ता बघत गेली. चाळिसाव्याला बोट थांबलं. "काहीच नाही हो." तासियोनं फळीवरची धूळ बाहीनं पुसली. "आज रविवारच ना? एकेचाळिसावा काढून दे."