हातावरची तारामती

जपानात सेंदाईला राहणारा आमचा सुशांत मला तिथून गाडीनं डोंगरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यावर घेऊन गेला. खरं तर बोलावलं होतं त्याच्या आईला, तिच्या गुडघ्यांसाठी. ती मार्चमध्ये वारली, मग मी एकटाच आलो.

तिथल्या स्नानगृहाच्या दारातच एका बाईनं माझा हात बघितला. लग्नाच्या वर्षी जत्रेत गोंदून घेतलेलं, ‘तारामती’. बाई लागली कमरेत वाकायला. मला वाटलं, काय पडलं हिचं?

“अण्णा, इथं गोंदण चालत नाही, गुंडांची खूण समजतात. ती माफी मागतीय. ही चिकटपट्टी लावून नाव झाका, म्हणजे आत सोडतील.”

“चाळीस वर्षं झाकलं नाही रे. तू जा, मस्त डुंबून ये.”

“अहो, एवढ्या लांब आलोय आपण!”

“जा म्हटलं ना.”

बाहेर अंगणात नुसते पाय शेकायचा हौद होता. तिथं गोंदणाला कोणी हटकत नव्हतं. मी पाय सोडून बसलो. इकडंतिकडं बघितलं, बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

“घे तारे, शेक गुडघे.”