उद्याची रोहिणी

चिंचेच्या गार पच्चिपुलुसू-भाताचा घास हातात असतानाच स्वरूपाची पाणमोट फुटली. साडी भिजली, पाट भिजला. पाणी ओघळत थेट सासऱ्यांच्या ताटापाशी गेलं.

वीरभद्रय्या ताट उचलून उभे राहिले. "आज नाही," ते म्हणाले. "आज कृत्तिका आहे."

बाळ आडवं होतं, म्हणून सिझेरियन ठरलं होतं. दिवस मात्र ज्योतिषी पंतुलूंनी काढून दिला होता. उद्याचा. रोहिणी नक्षत्र, राजयोग. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, मधेच पाणी गेलं तर मुहूर्त विसरा आणि धावत या.

"किरीटी, रिक्षा आण," स्वरूपा नवऱ्याला म्हणाली.

किरीटीने फोन काढला. "थांब, आधी पंतुलूंना विचारतो."

"त्यांना काय विचारतोस? त्यांच्या पोटात आहे का बाळ?"

"नुसतं पाणीच तर गेलंय," सासरे म्हणाले. "पाण्याची काय पत्रिका मांडायची आहे? पडून राहा उद्यापर्यंत."

सासू, अनसूयम्मा, उकिडवी बसून फरशी पुसत होती. तिने फडकं दाराच्या उजेडात धरलं. पाणी हिरवट होतं; बाळाने पोटातच शी केली होती.

"अत्तम्मा, तुम्ही तरी बोला!"

अनसूयम्माने फडकं मुठीत आवळलं.

स्वरूपाच्या अंगाचा भडका उडाला. भिंतीला धरून ती उठली आणि तशीच, ओल्या साडीने, भर उन्हात रस्त्यावर गेली. मिरच्यांची पोती लादलेली एक रिक्षा येत होती. स्वरूपा सरळ रिक्षेच्या आडवी उभी राहिली. पोत्यांवर कशीबशी टेकते न टेकते तोच शेजारी सासू चढली. हातात अजून ते फडकं.

"आता तिथे येऊन डॉक्टरांना अडवणार का?" स्वरूपा ओरडली.

 सासू रिक्षावाल्याच्या पाठीवर थापा मारत राहिली. "हाण रे! हाण!"

मुलगी झाली. रडायला तिने सगळ्यांचा जीव टांगणीला लावला, पण रडली.

संध्याकाळी पुरुष आले. वीरभद्रय्या पाळण्याकडे वळलेसुद्धा नाहीत. "कृत्तिका! आगीचं नक्षत्र! ही पोर घर जाळणार. एक दिवस कळ काढली असती तर काय बिघडलं असतं?"

अनसूयम्मा उठली. नवऱ्यापुढे तिचा आवाज कधी कुणी चढलेला ऐकला नव्हता.

"मी काढली होती कळ! माझंही पाणी असंच आदल्या दिवशी गेलं होतं. याच रोहिणीसाठी तुम्ही माझ्या मांड्या बांधून मला रात्रभर निजवलंत. मरता मरता वाचले, पण मुहूर्त साधला तुमचा!"

दाराशी किरीटी पाठमोरा उभा होता. फोन कानाला. तिने त्याच्याकडे बोट केलं.

"तो बघा तुमचा रोहिणीवरचा राजा! पोटच्या पोरीचं तोंड बघू की नको, हे पंतुलूंना विचारतोय!"