दुसरं पान

नाताळचा बाजार बघायला दुआर्ते बायकोला घेऊन आपल्या जन्मगावी, पोर्तोला आला आणि पाहुण्यासारखा हॉटेलात उतरला. संध्याकाळी, आलोच आहोत तर आईला तोंड दाखवावं म्हणून, कित्येक वर्षांनी एकटाच जुन्या घरी गेला. आई खारवलेला मासा वाढत होती. तिच्या पानासमोर आणखी दोन पानं होती. आज, नाताळच्या आदल्या रात्री, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी पान मांडायचं, ही इथली रीत; म्हणजे एक बाबांचं. दुसरं बघून तो चटकन पुढे झाला.

"मी येणार हे तुला कसं कळलं गं?" म्हणत तो खुर्ची ओढून बसला.

"ऊठ, ऊठ आधी! जिवंत माणसानं बसू नये तिथे."

"मग कुणाचं आहे हे?"

"तुझंच," कपाटातून नवं ताट काढत आई म्हणाली. "तू इकडे बस."